निनावी निरोपाचा दोष कोणाचा?

राजकीय पक्षाच्या बाजूने तयार झालेला एखादा मजकूर एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर आणि एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जात राहतो आणि जाता जाता त्याच्यावरचे नाव गळून पडते, तेव्हा त्यात असत्य असेल तर त्याचा दोष कोणाकडे जातो, हा प्रश्न वरवर पाहता निवडणूक कायद्याचा किंवा माध्यमशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो धर्मविचारातल्या अतिशय जुन्या प्रश्नांपैकी एक आहे, कारण ऐकलेला शब्द केव्हा खरा मानावा, तो पुढे सांगणारा स्वतः काही बोलतो असे धरावे की नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडून घडलेल्या कर्माचा वाटा आपल्या पदरी कितपत पडतो, या गोष्टींचा विचार भारतीय दर्शनांनी मोबाइलच्या कितीतरी शतके आधी बारकाईने केलेला आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या अनुभवाच्या आधारे हा प्रश्न तपासणे विशेष उपयुक्त ठरते, कारण निनावी निरोपाने माणसे मेल्याची घटना येथे एकदा नव्हे, दोनदा घडलेली आहे, आणि दोन्ही वेळा त्या मृत्यूंच्या आगेमागे राजकारण उभे होते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला हे तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे ९० टक्के आणि डहाणूत सुमारे ६९ टक्के आहे. वारली हा त्यांतील सर्वांत मोठा समाज असून कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी, कातकरी या जमातीही येथे राहतात. घरात बोलली जाते ती वारली किंवा तिच्या शेजारची बोली, शाळेत शिकवली जाते ती प्रमाण मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशी भाषांची विभागणी असल्यामुळे पक्षांकडून मोबाइलवर येणारा मजकूर बहुतेक वेळा घरच्या भाषेत नसतो. वाचणाऱ्याच्या दृष्टीने तो बाहेरून आलेला, छापील वळणाचा आणि म्हणून वजनदार असा शब्द असतो, आणि त्याची उलटतपासणी करण्याची सवय ज्या भाषेत आहे ती भाषा त्या मजकुरापर्यंत पोहोचतच नाही.

लिहिलेल्या शब्दाशी या समाजाचा जुना अनुभव कडू आहे. सावकाराच्या वहीतील आकडा आणि त्याखालचा अंगठा यांच्या बळावर जमिनी गेल्या आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसे आयुष्यभर ‘लग्नगडी’ म्हणून, म्हणजे कर्ज देणाऱ्या जमीनदाराकडे बांधलेले मजूर म्हणून राबली. जैन आचारशास्त्रात गृहस्थाच्या सत्यव्रताला जे दोष सांगितले आहेत त्यांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख तयार करणे, याचा वेगळा उल्लेख आहे. तोंडी खोटे हवेत विरते, लिहिलेले खोटे मात्र सांगणारा समोर नसतानाही आपले काम करत राहते, म्हणूनच त्याची गणना स्वतंत्रपणे झाली असावी. याउलट वारल्यांच्या स्वतःच्या परंपरेत वजनदार शब्दाला नेहमी एक ओळखीचे तोंड असते. लग्नात धवलेरी, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी स्त्री, गाते तेव्हा ती कोणत्या पाड्यातली आणि कोणाकडून शिकलेली हे मांडवातल्या सर्वांना ठाऊक असते. अर्थात यावरून जुना समाज अफवेपासून मुक्त होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण एखाद्या स्त्रीला ‘भुताळी’, म्हणजे चेटकीण, ठरवणारी कुजबुज नेमकी कोणी सुरू केली हे त्या काळीही कळत नसे आणि तिची शिक्षा मात्र त्या स्त्रीला भोगावी लागे.

या भूमीत आधुनिक राजकीय संवाद सुरू झाला तो पायी चालत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला झालेल्या किसान सभेच्या अधिवेशनानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर या कार्यकर्त्या दांपत्याने या पट्ट्यात काम सुरू केले, आणि २३ मे १९४५ रोजी झरी गावी झालेल्या सभेत वारल्यांनी वेठबिगार न करण्याचा निर्धार केला. सभेची वर्दी पाड्यापाड्यांतून माणसे जाऊन देत. निरोप आणणारा कोण, तो कोणाच्या वतीने बोलतो आणि तो खोटा निघाला तर कोणाला जाब विचारायचा, हे ऐकणाऱ्याला माहीत असे, आणि त्या माहितीवरच निरोपाचा विश्वास उभा होता.

तो विश्वासच हत्यार म्हणून वापरला गेला. किसान सभेच्या आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाच्या लेखिका गोदावरी परुळेकर यांच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या इतिहासानुसार १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये जमीनदारांच्या हस्तकांनी आदिवासींमध्ये असा निरोप पसरवला की तलवाडा येथे सभा आहे, गोदावरीबाई येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका असल्यामुळे सर्वांनी काठ्या घेऊन यावे. त्याच वेळी सरकारकडे अशी खबर पोहोचवण्यात आली की आदिवासी सशस्त्र जमाव करून हल्ला करणार आहेत. १० ऑक्टोबरच्या रात्री हजारो माणसे जमली, पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. या घटनेतील रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. एकच हात दोन ठिकाणी दोन वेगळ्या कथा पेरतो, प्रत्येक ठिकाणी तेथील माणसांच्या मनात आधीपासून असलेली भीती किंवा माया ओळखून शब्द निवडतो, आणि स्वतः कोठेही दिसत नाही. जमलेल्या वारल्यांनी ज्या शब्दावर विश्वास ठेवला तो त्यांच्या प्रिय व्यक्तीच्या नावाने आलेला होता, पण तिचा नव्हता. आज मतदारांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा मजकूर पाठवण्याच्या तंत्राची जी चर्चा होते, त्या तंत्राचा नैतिक गाभा १९४५ च्या त्या रात्री पूर्णपणे तयार होता. यंत्राने भर घातली ती वेगाची आणि संख्येची.

अशा निरोपाला ज्ञान म्हणता येते का, या प्रश्नाचे सर्वांत काटेकोर उत्तर न्यायदर्शनात सापडते. गौतमाच्या न्यायसूत्रांनी ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकी शब्द हे प्रमाण ठरते ते आप्ताचे सांगणे असल्यामुळे. ‘आप्त’ याचा येथील अर्थ नातेवाईक असा नाही. भाष्यकार वात्स्यायनाच्या विवरणानुसार ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला कळावी या इच्छेने जो बोलतो तो आप्त होय, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते असे तो स्पष्टपणे नोंदवतो. म्हणजे जात, भाषा, वेश किंवा पद यांवरून कोणी आप्त ठरत नाही, तर जाणणे आणि प्रामाणिकपणे सांगण्याची इच्छा या दोनच गोष्टी पाहायच्या असतात. डहाणूच्या बाजारातला अनोळखी भाजीवाला एखाद्या गोष्टीबाबत आप्त असू शकतो आणि पक्षाचा अधिकृत प्रवक्ता त्याच गोष्टीबाबत आप्त नसू शकतो.

याच सूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एका पाचव्या संभाव्य प्रमाणाची चर्चा येते, आणि प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध थक्क करणारा आहे. त्याचे नाव ‘ऐतिह्य’. ज्याचा मूळ वक्ता कोण हे निर्दिष्ट नाही आणि जे ‘असे म्हणतात’ एवढ्याच आधारावर एकाकडून दुसऱ्याकडे चालत आले आहे असे सांगणे म्हणजे ऐतिह्य. या वडावर यक्ष राहतो, हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. नैयायिकांनी ऐतिह्याला वेगळे प्रमाण मानण्यास नकार दिला आणि त्याचा समावेश शब्दातच केला; पुढे नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास वाचस्पती मिश्राने सांख्यतत्त्वकौमुदीत त्याची कारणमीमांसा अशी केली की वक्ता निर्दिष्ट नसेल तर असे सांगणे संशयास्पदच राहते, आणि तो आप्त असल्याचे निश्चित झाले तर मग ते ऐतिह्य उरत नाही, साधे शब्दप्रमाण होते. मधली तिसरी अवस्था नाही. पुष्कळ लोकांनी सांगितले म्हणून, फार दिवस सांगितले जाते म्हणून किंवा चारी बाजूंनी तेच ऐकू येते म्हणून ऐतिह्याचे प्रमाण होत नाही, कारण साखळी कितीही लांब असली तरी तिच्या पहिल्या कडीशी कोणी उभे नसेल तर उरलेल्या कड्या फक्त संशय वाहून नेतात. व्हॉट्सॲपवर अनेकदा पाठवल्या गेलेल्या मजकुरावर दुहेरी बाणाची खूण येते; तो मजकूर पाच किंवा त्याहून अधिक हातांतून आलेला आहे एवढेच ती सांगते. वाचस्पतीच्या कसोटीने ती खूण संशयाची पाटी आहे, पण व्यवहारात पुष्कळ जण तिचा अर्थ ‘सगळीकडे हेच चालले आहे’ असा, म्हणजे नेमका उलटा घेतात.

मीमांसकांची भूमिका वेगळी आहे आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय हा विचार अपुरा राहील. त्यांच्या मते ज्ञान मुळात प्रमाणच असते; त्याला बाधक असे काही आढळले तरच ते अप्रमाण ठरते, आणि याला ‘स्वतःप्रामाण्य’ म्हणतात. शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्याच्या दोषामुळे, म्हणून ज्याला कोणी कर्ताच नाही असा अपौरुषेय वेद निर्दोष, असा मीमांसक कुमारिलाचा युक्तिवाद आहे. फॉरवर्ड केलेला मजकूर वाचकाच्या मनावर जो प्रभाव पाडतो तो काहीसा याच वाटेने पाडतो: बोलणारा दिसत नाही म्हणून त्याचा स्वार्थही दिसत नाही आणि शब्द जणू आपोआप प्रकटला असे वाटते. पण अकर्तृक असणे आणि कर्ता लपलेला असणे यांत महदंतर आहे. मीमांसकाला वेदाच्या मागे कोणी नाही असे सिद्ध करण्यासाठी ग्रंथच्या ग्रंथ लिहावे लागले. पक्षाच्या आयटी सेलमधून निघालेल्या निनावी चित्रफितीमागे मात्र कोणीतरी निश्चितपणे आहे, त्याला काहीतरी मिळवायचे आहे आणि म्हणूनच तो मागे आहे. मीमांसकाने स्वतःच वक्त्याच्या दोषाला इतके महत्त्व दिले आहे की लपलेल्या वक्त्याचा शब्द त्याच्या दृष्टीनेही सर्वांत आधी तपासावा लागेल.

इस्लामी परंपरेने हाच प्रश्न व्यवस्थेच्या अंगाने सोडवला. पैगंबरांच्या वचनांच्या, म्हणजे हदीसच्या, अभ्यासात मजकुराआधी ‘इस्नाद’ सांगावी लागते. हे वचन कोणी कोणाकडून ऐकले याची नावानिशी साखळी म्हणजे इस्नाद, आणि त्या साखळीतील प्रत्येक माणसाचे चारित्र्य, स्मरणशक्ती आणि भेटीगाठींची शक्यता तपासणारे एक स्वतंत्र शास्त्र त्यातून उभे राहिले. डहाणूच्या किनाऱ्यावर चिकूच्या वाड्या उभ्या करणाऱ्या इराणी जरथुश्त्री कुटुंबांच्या धर्मात तर असत्याला ‘द्रुज’ असे विश्वाच्या व्यवस्थेविरुद्ध उभ्या असलेल्या शक्तीचे नाव आहे; तिच्या विरुद्ध बाजूला ‘अश’, म्हणजे सत्य आणि सुव्यवस्था. याच तालुक्यातील बाहरोटच्या डोंगरावरील गुहांत पारशी समाजाचा पवित्र अग्नी संजाण या त्यांच्या वसाहतीच्या पाडावानंतर बारा वर्षे जपला गेला असे परंपरा सांगते. खोट्याने एक विधान चुकते एवढेच होत नाही, माणसांना एकत्र धरून ठेवणारी वीण उसवते, हे जरथुश्त्री विचाराचे सांगणे या चर्चेत विसरता येणार नाही.

असत्य म्हणजे सरळ खोटे विधान एवढाच अर्थ घेतला तर पक्षांच्या संवादाचा मोठा भाग हातातून निसटतो. मे २०१८ मध्ये पालघर लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत, राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि शिवसेना परस्परांविरुद्ध लढत असताना, शिवसेनेने तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची कार्यकर्त्यांशी बोलतानाची ध्वनिफीत जाहीर केली, ज्यात साम, दाम, दंड, भेद वापरण्याची भाषा होती. आवाज आपलाच आहे, पण फीत तोडून ऐकवली आणि पुढचा भाग गाळला, असे उत्तर मुख्यमंत्र्यांनी दिले. या वादात कोणाची बाजू किती खरी याचा निवाडा येथे करायचा नाही. वाक्याचा अर्थ समजण्यासाठी नैयायिक ज्या गोष्टी आवश्यक मानतात त्यांत ‘तात्पर्य’, म्हणजे बोलणाऱ्याचा अभिप्राय, ही एक आहे, आणि तो पूर्ण संदर्भावाचून कळत नाही. म्हणून ध्वनिफीत ऐकवणाऱ्याने ती कोठून कोठवर आहे हे सांगणे, आणि ज्याचा आवाज आहे त्याने पूर्ण बोलणे लोकांसमोर ठेवणे, ही दोघांचीही सत्यनिष्ठेची जबाबदारी ठरते. त्या मतदारसंघात मोबाइलवरून फिरणारे दहा-वीस सेकंदांचे तुकडे ऐकणाऱ्या मतदाराला यांपैकी काहीच मिळत नाही.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जे घडले त्याच्यापुढे मात्र निवडणुकीतली ही चढाओढ लहान वाटते. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर आणि मुले पळवणारे लोक वेष बदलून फिरत आहेत अशा अफवा या पट्ट्यात मोबाइलवरून पसरल्या होत्या आणि गावोगाव रात्रीचे पहारे सुरू झाले होते. मुंबईहून सुरतकडे आपल्या गुरूच्या अंत्यविधीला निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांची गाडी दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळ अडली, जमाव जमला आणि पोलीस तेथे पोहोचलेले असतानाही तिघांना ठार मारण्यात आले. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला होता, त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली होती, आणि गडचिंचल्याच्या अवघे काही दिवस आधी, एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन आणले होते. बंधन होते आणि माणसे मेली, कारण पाड्यातल्या भीतीला एका वेळी एकच ठिकाण पुरेसे असते. भिक्षा मागत फिरणारा गोसावी आणि भगवी वस्त्रे घातलेला साधू यांना दारात आल्यावर काही ना काही देण्याची रीत जेथे शतकानुशतके आहे, त्या समाजात त्यांचाच वेष संशयाचे कारण व्हावा, ही या अफवेने केलेली सर्वांत खोल जखम आहे.

येथवर पक्ष कोठेही नव्हते. ते आले दोन-तीन दिवसांनी, हत्येच्या चित्रफिती देशभर पसरल्यानंतर. मारेकरी मुसलमान होते असे मजकूर फिरू लागले आणि त्यासाठी चित्रफितीतील ‘ओये बस’ ही थांबवण्यासाठी मारलेली हाक ‘शोएब’ या नावासारखी ऐकवली गेली. २२ एप्रिल रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नसल्याचे सांगितले. मग दोष मिशनऱ्यांवर आणि डाव्यांवर टाकणारे मजकूर आले, त्यांना उत्तर म्हणून गावात कोणत्या पक्षाचा सरपंच आहे आणि परिसरात कोणाचा जोर आहे हे सांगणारे मजकूर आले, आणि एका अफवेने झालेल्या हत्येवर अफवांचा दुसरा थर चढला. पहिला थर भीतीतून आला होता आणि भीती निदान निरागस असू शकते. दुसरा थर हिशेबातून आला. मेलेले साधू आणि तुरुंगात गेलेले आदिवासी या दोघांपैकी कोणाच्याही दुःखाशी त्याचा संबंध नव्हता. ज्यांनी तो पसरवला त्यांना हे दुःख इतरत्र, दूरच्या मतदारांसमोर वापरायचे होते. एका भयभीत गावाच्या अपराधापेक्षा हा अपराध जास्त जाणता आहे, आणि धर्मविचाराने दोषाची मोजणी करताना जाणतेपणालाच प्रथम पाहिले आहे.

ही मोजणी कशी करायची याची चौकट पतंजलीच्या योगसूत्रांत आणि जैन कर्मविचारात तयार आहे. पतंजलीने हिंसा आणि असत्य यांसारख्या वितर्कांचे, म्हणजे यमांच्या विरोधी प्रवृत्तींचे, तीन प्रकार केले आहेत: कृत, म्हणजे स्वतः केलेले; कारित, म्हणजे दुसऱ्याकडून करवलेले; आणि अनुमोदित, म्हणजे दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेले. त्यांची मुळे लोभ, क्रोध आणि मोह ही तीन असून तीव्रता मृदू, मध्य आणि अधिक अशी तीन पायऱ्यांची आहे. पक्षाच्या निनावी संवादावर ही चौकट ठेवली की दोष कोणाचा या प्रश्नाची गुंतागुंत बरीच उलगडते. खोटा मजकूर रचणाऱ्या कार्यकर्त्याचे असत्य कृत आहे. तो रचला जावा अशी यंत्रणा उभी करणाऱ्या, पैसे पुरवणाऱ्या आणि परिणाम दिसू लागल्यावर मुद्दाम गप्प राहणाऱ्या पक्षाचे असत्य कारित आहे आणि त्याचे मूळ लोभात आहे. नेत्याने एकही खोटे वाक्य उच्चारले नसले तरी त्याची सुटका होत नाही, कारण करवणे हे करण्याइतकेच कर्म आहे. ज्याने ते वाचले, खरे की खोटे हे पाहिले नाही आणि पुढे पाठवले, त्याचे असत्य अनुमोदित आहे, त्याचे मूळ बहुधा मोहात असते, क्वचित क्रोधात. ‘माझ्याकडे आले तसे पाठवले’ हे वाक्य म्हणूनच बचाव होऊ शकत नाही. त्या वाक्यात अनुमोदनाची कबुली आहे. मात्र तीव्रता सारखी नाही, हेही याच चौकटीचे सांगणे आहे. तलासरीच्या एखाद्या पाड्यातल्या, परक्या भाषेतला मजकूर घाबरून पुढे ढकलणाऱ्या तरुणाला आणि तो मजकूर शहरात बसून तयार करणाऱ्याला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल, आणि प्रत्यक्षात घडते ते याहून वाईट, कारण तुरुंगात जातो तो सहसा पहिला आणि दुसऱ्याचे नावही कळत नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. निनावीपणा नेहमीच पापाचा असतो असे म्हटले तर ज्यांच्यावर जिल्हाबंदीचे हुकूम निघाले त्या किसान सभेच्या कार्यकर्त्यांना रात्री आसरा देणाऱ्या आणि त्यांचे निरोप गुपचूप पोहोचवणाऱ्या वारल्यांनाही दोष द्यावा लागेल, आणि ते कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या त्या तपस्व्याने लपलेल्या माणसांची जागा दरोडेखोरांना खरी खरी सांगितली आणि त्यांच्या वधाचे पाप त्याच्या माथी आले. नाव लपवणे हे दुर्बळाचे कवच असते तेव्हा ते सत्याच्या विरोधात जात नाही, कारण ऐकणाऱ्याला तो शब्द कोणत्या बाजूचा आहे हे माहीत असते आणि फक्त मारणाऱ्याला ते कळू द्यायचे नसते. सत्तेत असलेला किंवा सत्तेचा दावेदार पक्ष नाव लपवतो तेव्हा स्थिती उलटी होते: ज्याच्यापासून नाव लपवायचे तो ऐकणारा मतदार स्वतःच असतो. बलवानाने दुर्बळापासून लपणे याला कोणत्याही परंपरेत संरक्षण नाही.

हा प्रश्न कायद्याने सुटतो का, याचा अनुभव ब्राझील या पोर्तुगीज बोलणाऱ्या मोठ्या लोकशाहीने घेतला आहे, आणि दादरा-नगर हवेलीत १९५४ पर्यंत पोर्तुगीज सत्ता पाहिलेल्या या सीमाभागाला तो देश अगदीच परका म्हणता येत नाही. २०१८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत व्हॉट्सॲपवरून मजकुरांचा घाऊक मारा झाला आणि त्यासाठी उद्योगांनी पैसे मोजल्याची बातमी ‘फोल्या द साओ पाउलो’ या दैनिकाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दिली. तेथील सर्वोच्च निवडणूक न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी असा घाऊक अपप्रचार हा अधिकाराचा दुरुपयोग ठरू शकतो हे तत्त्व मान्य केले, परंतु विजयी उमेदवार बोल्सोनारो यांच्याविरुद्धचा दावा पुरेशा पुराव्याअभावी फेटाळला. न्यायालयाला कर्म दिसले, कर्त्याशी त्याची गाठ बांधता आली नाही. निनावी साखळी तयारच त्यासाठी केलेली असते. भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क नुसार निवडणुकीच्या प्रत्येक छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असणे बंधनकारक आहे. डहाणू स्थानकाबाहेर वाटलेल्या कागदाच्या चिठोऱ्याला जो नियम आहे तो हजारो घरांत एकाच रात्री पोहोचणाऱ्या चित्रफितीच्या बाबतीत प्रत्यक्षात पाळला जात नाही, ही विसंगती दूर होणे आवश्यक आहे. पण कायदा आला तरी तो सापडलेल्या कर्त्यापुरताच चालेल, आणि कारित व अनुमोदित दोषांचा मोठा भाग त्याच्या बाहेर राहील.

तेथे धर्मशास्त्राचा एक विचार उपयोगी पडतो. मनुस्मृतीने पापक्षालनाचे जे उपाय सांगितले आहेत त्यांत अनुताप, तप, अध्ययन आणि दान यांच्याबरोबर, किंबहुना त्यांच्या आधी, ‘ख्यापन’ येते; ख्यापन म्हणजे आपण केलेले पाप लोकांसमोर उघड बोलून दाखवणे. अनेक बाबतींत अमान्य करावा लागणाऱ्या या ग्रंथातील हा विचार मात्र घेण्यासारखा आहे, कारण शब्दाने केलेल्या दोषाची भरपाई शब्दानेच, आणि तीही जेथे दोष घडला त्याच ठिकाणी, होऊ शकते. खोटा मजकूर ज्या ग्रुपवर गेला त्याच ग्रुपवर, त्याच माणसांसमोर, तो चुकीचा होता हे नाव लावून सांगणे हे आजचे ख्यापन आहे. एकाहून अधिक वेळा डहाणूने ज्या पक्षाचा आमदार निवडून दिला त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षापासून भाजप, शिवसेनेचे दोन्ही गट, काँग्रेस, राष्ट्रवादीचे दोन्ही गट आणि बहुजन विकास आघाडीपर्यंत या जिल्ह्यात काम करणाऱ्या सर्व पक्षांना हे करता येण्यासारखे आहे. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही आणि पैसाही लागत नाही. आपले अधिकृत ग्रुप कोणते हे त्यांनी जाहीर करावे, प्रत्येक मजकुराखाली जबाबदार कार्यकर्त्याचे नाव घालावे, पाड्यांपर्यंत जाणारा मजकूर वारलीत बोलून ऐकवावा, आणि एप्रिल २०२० मध्ये आपल्या बाजूच्या ज्या ग्रुपवरून मारेकऱ्यांच्या धर्माबद्दल किंवा पक्षाबद्दल खोटे पाठवले गेले त्या प्रत्येक ग्रुपवर ते खोटे होते एवढे एक वाक्य, इतकी वर्षे लोटली असली तरी, आज पाठवावे.